कर्व्हवर विश्वास ठेवू का, ताई?

अगं, तुझा लांबलचक मेसेज वाचला. टीममधला एक जण सांगतो, पी-२५६ या कर्व्हला हात लावू नका, ती अमेरिकेच्या एनएसए या गुप्तचर संस्थेने बनवली आहे आणि तिच्यात मागचं दार आहे. दुसरा म्हणतो, मानक आहे ना, मग डोळे झाकून वापरा. तिसऱ्याच्या मते क्वांटम कॉम्प्युटर आला की सगळंच मुसळ केरात. आणि या तिघांच्या भांडणात, रुग्णांचे रिपोर्ट ज्या वाटेने जाणार-येणार त्या वाटेवरचं एन्क्रिप्शन लिहायचं काम पडलंय तुझ्या गळ्यात. तू विचारतेस, ताई, कुणाचं ऐकू?

तिघांच्याही बोलण्यात थोडं थोडं खरं आहे, म्हणून तर तुझा गोंधळ झाला. पण तिघांपैकी एकानेही हिशोब दाखवला नाही. या कामात मी जे शिकले त्यातलं सगळ्यात उपयोगी तेवढंच आहे बघ: समोरचा कितीही मोठा असो, 'हा आकडा कुठून आला?' हे विचारायला लाजायचं नाही. मलाही विचार. म्हणून आज तुला नुसता निकाल सांगत नाही, हिशोब मांडून दाखवते. चहा घेऊन बस.

आधी गणित, कारण भीती तिथूनच सुरू होते. इलिप्टिक कर्व्ह या कामासाठी वापरायची कल्पना १९८५ सालची. वॉशिंग्टन विद्यापीठातले नील कॉब्लिट्झ आणि आयबीएममधले व्हिक्टर मिलर, दोघांना ती एकमेकांच्या नकळत सुचली. कर्व्हवरच्या दोन बिंदूंची एका ठरलेल्या रीतीने बेरीज करता येते आणि उत्तर म्हणून पुन्हा कर्व्हवरचाच बिंदू मिळतो, एवढ्यावर सगळी इमारत उभी आहे. कागद-पेन घे आणि एक छोटी कर्व्ह स्वतः करून बघ. य चा वर्ग बरोबर क्ष चा घन अधिक २क्ष अधिक २, आणि प्रत्येक उत्तराला १७ ने भागून फक्त बाकी ठेवायची. क्ष ५ घेतला तर १२५ अधिक १० अधिक २, म्हणजे १३७. बाकी उरते १. म्हणून (५, १) हा बिंदू कर्व्हवर बसतो. तो स्वतःतच मिळवला की (६, ३). पुन्हा एकदा (५, १) मिळवला की (१०, ६). मग (३, १). मग (९, १६). असं करत करत एकोणीस पावलांत चक्र पुरं होतं.

आता त्या बिंदूंकडे नीट बघ. क्ष ५, ६, १०, ३, ९ असा चाललाय. पुढचा काय येईल, याचा काही अंदाज लागतो? पावलं मोजत पुढं जाणं सोपं. पण कुणी तुझ्या हातात नुसता (९, १६) ठेवला आणि 'किती पावलं चालून इथं आलो ते सांग' म्हटलं, तर सगळी यादी करूनच बघावी लागते. इथं यादी एकोणीसची आहे. खऱ्या कर्व्हवर बिंदूंची संख्या अठ्ठ्याहत्तर आकडी असते. पावलांचा तो आकडा म्हणजे तुझी खासगी किल्ली आणि शेवटी जिथं पोचलीस तो बिंदू म्हणजे जगाला दाखवायची सार्वजनिक किल्ली.

अख्खी यादी तपासावी लागत नाही, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. जॉन पोलार्डने १९७८ साली दिलेल्या पद्धतीने यादीच्या वर्गमुळाइतक्या कष्टांत काम होतं. म्हणूनच २५६ बिटांच्या कर्व्हची ताकद १२८ बिटांची धरतात. नीट निवडलेल्या कर्व्हवर आजच्या कॉम्प्युटरने यापेक्षा फार जवळची वाट अजून कुणाला सापडलेली नाही. आरएसए या दुसऱ्या पद्धतीचं तसं नाही. मोठ्या संख्येचे अवयव पाडायच्या चांगल्याच चलाख रीती निघाल्या आहेत, म्हणून तेवढ्याच सुरक्षिततेसाठी तिथं ३०७२ बिटांची किल्ली लागते.

प्रत्यक्षात लोक कुठवर पोचलेत? कॅनडातल्या सर्टिकॉम कंपनीने आव्हानं जाहीर केली होती. त्यातली १०९ बिटांची कर्व्ह २००२ साली ख्रिस मोनिको यांच्या नेतृत्वाखाली फुटली. दहा हजार कॉम्प्युटर, ५४९ दिवस. २००९ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या ईपीएफएलमध्ये दोनशेहून अधिक प्लेस्टेशन ३ एकत्र जोडून ११२ बिटांची कर्व्ह फोडली. मुलांच्या खेळाचे डबे रांगेत मांडून गणिती ते काम करत होते, हे मला आजही फार आवडतं. आता पुढचं गणित तूच कर: दर दोन बिटांमागे कष्ट दुप्पट होतात. ११२ वरून २५६ वर जायचं म्हणजे कष्ट बहात्तर वेळा दुप्पट. बिटकॉइनचं सगळं धन अशाच एका कर्व्हच्या भरवशावर उघड्यावर पडलंय. ती सोडवणाऱ्याला कुणाची परवानगी मागावी लागणार नाही, आणि चोरांपासून प्राध्यापकांपर्यंत सगळे टपून बसलेत.

पण पावलं शोधून काढायचं हे कोडं अवघड आहे हे सिद्ध झालेलं नाही. हे तुला कुणी सांगितलं नसेल, म्हणून मी सांगते. 'याहून सोपी रीत असूच शकत नाही' असा पुरावा कुणाकडेही नाही, आरएसएसाठीही नाही. आपल्या हाती आहेत ती चाळीस वर्षं, ज्यांत जगातल्या हुशार डोक्यांनी धडका मारल्या. त्या धडकांतून काहीच निघालं नाही असंही नाही. १९९०च्या दशकात मेनेझेस, ओकामोतो आणि व्हॅनस्टोन यांनी कर्व्हचं एक अख्खं कुळ कच्चं निघतं हे दाखवलं. पुढं आणखी एक कुळ तर इतकं कच्चं निघालं की त्याचं कोडं चुटकीसरशी सुटतं. ती दोन्ही कुळं आता ओळखीची झाली आहेत आणि आपली कर्व्ह त्यांत मोडत नाही ना, हे कुणीही तपासू शकतं. याला मी विश्वास म्हणते. आंधळा नाही, मार खाऊन टिकलेल्या गोष्टीवरचा.

आता एनएसएची गोष्ट. ती नीट ऐक, कारण तुझ्या पहिल्या सहकाऱ्याने हिच्यातच गल्लत केली आहे.

२००६ साली निस्ट या अमेरिकेच्या मानकं ठरवणाऱ्या संस्थेने रँडम आकडे तयार करायच्या चार पद्धती मानक म्हणून छापल्या. त्यातली एक ड्युअल ईसी. तिच्यात कर्व्हवरचे दोन बिंदू कायमचे ठरवून दिले होते, पी आणि क्यू. ते कुठून आणले, कसे निवडले, याचं स्पष्टीकरण मानकात नव्हतं. पद्धत बाकीच्या तिघींच्या मानाने प्रचंड संथ होती आणि आकडेही पुरते रँडम येत नव्हते. तरी ती मानकात बसली. २००७च्या ऑगस्टमध्ये सांता बार्बराच्या क्रिप्टो परिषदेत मायक्रोसॉफ्टच्या डॅन शुमो आणि निल्स फर्ग्युसन यांनी मोजक्या स्लाइड्स दाखवल्या. त्यांचं म्हणणं साधं होतं. समजा कुणाला पी आणि क्यू यांच्यातलं नातं ठाऊक असेल, म्हणजे क्यूवरून किती पावलं चाललं की पी येतो तो आकडा. मग त्याला या यंत्रातून बाहेर पडलेले जेमतेम बत्तीस बाइट पुरतात. दर वेळी बाहेर पडणाऱ्या आकड्याचे फक्त सोळा बिट कापलेले असतात, म्हणजे ६५,५३६ शक्यता तपासायच्या. साधा लॅपटॉप ते हसत करेल. त्यानंतर यंत्र पुढं कोणते आकडे देणार, म्हणजे तू पुढं कोणत्या किल्ल्या बनवणार, हे त्याला तुझ्या आधी कळेल. कुणी मुद्दाम असं केलं आहे, असं ते दोघं म्हणाले नाहीत. शक्यता दाखवली आणि थांबले.

एवढ्यावर ती पद्धत मागे घेतली जायला हवी होती. घेतली गेली नाही. सप्टेंबर २०१३ मध्ये एडवर्ड स्नोडेनने बाहेर काढलेल्या कागदपत्रांच्या आधारे न्यूयॉर्क टाइम्स, गार्डियन आणि प्रोपब्लिका यांनी बातम्या छापल्या, आणि त्यात एनएसए मानकांमध्ये हात घालत होती हे आलं. डिसेंबरमध्ये रॉयटर्सने बातमी दिली की आरएसए सिक्युरिटी या कंपनीने आपल्या लायब्ररीत हीच पद्धत आपोआप निवडलेली ठेवावी यासाठी एक कोटी डॉलरचा करार झाला होता. मागच्या दारासाठी आपण कुठलाही करार केला नाही, असं कंपनीने सांगितलं. एप्रिल २०१४ मध्ये निस्टने पद्धत काढून टाकली. शंका उघड मांडल्यापासून तोवर जवळजवळ सात वर्षं गेली होती.

आणि मग ज्युनिपर. या प्रकरणाने माझी झोप उडवली होती. ज्युनिपरची नेटवर्क उपकरणं मोठमोठ्या ठिकाणी बसवलेली असतात. डिसेंबर २०१५ मध्ये कंपनीने जाहीर केलं की आपल्या उपकरणांच्या स्क्रीनओएस या सॉफ्टवेअरमध्ये कुणीतरी परवानगीशिवाय कोड घुसवला आहे. संशोधकांनी उकलून पाहिलं तर ते उपकरण ड्युअल ईसी वापरत होतं, आणि २०१२ मध्ये कुणीतरी त्यातला क्यू बिंदू गुपचूप बदलला होता. बाकी कोड जवळपास तसाच. ड्युअल ईसीच्या पुढं दुसरं एक यंत्र संरक्षणासाठी लावलं आहे असं सांगितलं जायचं. एका बगमुळे ते कधी चालूच झालं नव्हतं. विचार कर, कुलूपवाल्याने एक जादा किल्ली स्वतःकडे ठेवली, आणि भलत्याच कुणीतरी येऊन ती किल्ली चालणारा भागच बदलून आपल्या किल्लीचा बसवला. फक्त चांगल्यांनाच उघडेल असं मागचं दार बनवता येतं, असं कुणी तुला मीटिंगमध्ये सांगितलं की तू ज्युनिपरचं नाव घे.

आता यातला बारकावा. ड्युअल ईसीचं नेहमीचं रूप पी-२५६ वरच चालायचं, म्हणून दोन्ही गोष्टींची लोक खिचडी करतात. पण खोट कर्व्हमध्ये नव्हती. कुणीतरी निवडलेल्या दोन बिंदूंच्या नात्यात होती. उलट ते मागचं दार फक्त त्याच्या मालकालाच उघडावं यासाठी कर्व्हचं कोडं बाकी सगळ्यांना अवघड असणं गरजेचं होतं. ज्याने ते दार ठेवलं त्याचाच कर्व्हवर पुरता भरवसा होता!

मग पी-२५६ अगदी निष्कलंक? हिशोब पुरा नाही, असं मी म्हणेन. निस्टच्या या कर्व्ह २०००च्या मानकात आल्या, बनवल्या एनएसएमध्ये. प्रत्येकीसाठी एक बीज-आकडा घेतला, तो शा-१ या हॅशमधून काढला आणि त्यातून कर्व्हचा स्थिरांक ठरवला. बिजापासून स्थिरांक येतो हे तू स्वतः पडताळू शकतेस. पण पी-२५६ चं ते बीज, 'सी४९डी३६०८' असं सुरू होणारं, आलं कुठून? ते छापलेलं नाही. एनएसएचे गणिती जेरी सोलिनास यांनी गमतीचं एखादं इंग्रजी वाक्य हॅश करून ती बीजं घेतली होती, अशी आठवण त्यांना ओळखणारे सांगतात. सोलिनास २०२३ मध्ये वारले. त्याच वर्षी फिलिपो व्हॅल्सोर्डा यांनी ती मूळ वाक्यं शोधणाऱ्याला १२,२८८ डॉलरचं बक्षीस लावलं.

संशय असा, की एनएसएला एखादं कच्चं कुळ गुपचूप माहीत असेल आणि त्यातली कर्व्ह मिळेपर्यंत त्यांनी बिजामागून बीज बदललं असेल. कॉब्लिट्झ आणि मेनेझेस यांनी २०१५ मध्ये यावर सविस्तर लिहिलं. बीजं बदलत बदलत सापडावं इतकं मोठं कच्चं कुळ असतं, तर बाहेरच्या गणितींना इतक्या वर्षांत त्याची चाहूलही लागू नये हे पटत नाही, असा त्यांचा युक्तिवाद. मला तो पटतो. पी-२५६ मध्ये मागचं दार असल्याचा एकही पुरावा नाही, आणि ज्या बँकेला किंवा सरकारी यंत्रणेला तीच लागते तिथं मी ती बिनधास्त वापरते. फक्त मोकळीक असेल तर दुसरी घेते.

ती दुसरी म्हणजे डॅनियल बर्नस्टाइन यांची कर्व्ह२५५१९, २००६ मध्ये छापून आलेली. तिच्यातला एक स्थिरांक आहे ४८६६६२. हा कुठून आला? त्यांच्या निबंधात कारण लिहिलंय. आधी सुरक्षिततेच्या अटी मांडल्या, मग त्या पाळणारा सगळ्यात लहान आकडा शोधला. त्याहून लहान दोन सापडले होते, ३५८९९० आणि ४६४५८६. तेही का सोडले, हे लिहिलंय: त्यांच्याशी जोडलेली एक मूळ संख्या २ च्या २५२व्या घातापेक्षा किंचित लहान येते, आणि त्यामुळे किल्ली नेमकी तिच्याएवढी निघाली तर काय करायचं यावर काथ्याकूट करावा लागला असता. माणसाने आपल्या प्रत्येक आकड्याचा जबाब असा देऊन ठेवला की दुसऱ्याला संशयाला जागाच उरत नाही. शिवाय ती कर्व्ह कोडमध्ये उतरवताना घसरायच्या जागा कमी आहेत. पुढं निस्टनेही २०२३ मध्ये हिला आपल्या यादीत घेतलं, म्हणजे 'ती मानकात बसत नाही' असं आता कुणी तुला ऐकवू शकणार नाही.

तू हिच्याशी रोज बोलतेस बरं का. व्हॉट्सअ‍ॅपच्या ओळख-किल्ल्या याच कर्व्हवर बनतात. माझ्या नावावर टॅप कर, एन्क्रिप्शन उघड. साठ आकडे दिसतील. अर्धे तुझ्या किल्ल्यांवरून, अर्धे माझ्या. पलीकडे खरंच मी आहे की मधे कुणी बसलंय, हे कर्व्ह सांगत नाही. ते आकडे दोघींच्या फोनवर जुळतात का हे पाहिल्यावरच कळतं. तुमच्या सर्व्हरचंही तेच आहे. एन्क्रिप्शन कितीही भक्कम असलं तरी समोरच्याचं सर्टिफिकेट न तपासता जोडणी केली, तर तू भलत्याशीच फार सुरक्षितपणे बोलत राहशील.

आणि आता मुख्य गोष्ट सांगते, कारण तुझी टीम कोणती कर्व्ह यावर भांडतेय आणि घरं फुटतात ती दुसऱ्याच भिंतीतून. २०१० पासूनची मोठी प्रकरणं काढ. एकातही कोडं कुणी सोडवलेलं नाही.

डिसेंबर २०१० मध्ये बर्लिनच्या केऑस परिषदेत फेलओव्हरफ्लो नावाच्या गटाने प्लेस्टेशन ३ ची सही करायची खासगी किल्ली कशी काढता येते ते सांगितलं. ईसीडीएसए या कर्व्हवरच्या रीतीने सही करताना प्रत्येक वेळी एक नवा गुप्त आकडा लागतो. सोनीच्या सह्यांत तो दर वेळी तोच होता. याने काय होतं ते तुला दहावीच्या गणितात दाखवते. गुप्त आकडा क, खासगी किल्ली ख. पहिली सही सांगते, स१ गुणिले क बरोबर ह१ अधिक र गुणिले ख. दुसरी सांगते, स२ गुणिले क बरोबर ह२ अधिक र गुणिले ख. यातले स, ह आणि र सगळ्यांना दिसतात. क बदलला नाही म्हणून र ही तोच राहिला. उरलं काय? दोन समीकरणं, दोन अज्ञात. एकातून दुसरं वजा कर, र-ख उडून जातं, क मिळतो आणि क मिळाला की ख. 'दोन चलांतील रेषीय समीकरणे', बीजगणिताच्या पुस्तकातला पहिलाच धडा. जगातली सगळ्यात भारी कर्व्ह लावली असती तरी हेच झालं असतं. २०१३ च्या ऑगस्टमध्ये अँड्रॉइडच्या रँडम आकड्यांतल्या दोषामुळे बिटकॉइन चोरीला गेले, तेही याच वाटेने.

म्हणून सही करायची असेल तर कर्व्ह२५५१९ वरचीच सहीची पद्धत, एड२५५१९, घे. तिच्यात तो आकडा संदेश आणि किल्ली यांच्यातूनच काढला जातो, नशिबावर सोडलेला नसतो. ईसीडीएसएच वापरावी लागली तर तिलाही तशीच रीत २०१३ पासून लिहून ठेवलेली आहे, लायब्ररीत ती चालू आहे का ते बघ.

दुसरी भिंत म्हणजे न तपासणं. २०१८ मध्ये इस्रायलच्या टेक्नियनमधल्या लिओर न्यूमन आणि एली बिहाम यांनी दाखवलं की ब्लूटूथची जोडणी करताना कित्येक उपकरणं समोरून आलेला बिंदू कर्व्हवर आहे का हेच पाहत नाहीत. २०२० च्या जानेवारीत विंडोजमध्ये सापडलं की सर्टिफिकेट तपासताना कर्व्हचा सुरुवातीचा बिंदू खरा आहे की कुणी स्वतःच्या सोयीने घातलाय, याची खात्रीच होत नव्हती. हा दोष मायक्रोसॉफ्टला कळवला कुणी, माहितीये? एनएसएने. हे मुद्दाम सांगतेय, कारण 'एनएसए वाईट' किंवा 'एनएसए चांगली' अशा खुंटीला आपला निर्णय टांगू नकोस. २०२२ मध्ये जावाच्या काही आवृत्त्यांत तर सहीच्या जागी दोन शून्यं लिहून पाठवली तरी सही बरोबर ठरत होती. शून्य चालणार नाही, ही अट लिहायचीच राहून गेली होती.

बाळ, यातलं एकही तू स्वतः लिहायला बसू नकोस. गणित समजलं म्हणून कोड जमेल असं नसतं. ज्या लायब्ररीला बरीच वर्षं अनेकांनी ठोकून पाहिलंय तीच घे, आणि तुझा वेळ चाचण्यांत घाल: कर्व्हबाहेरचा बिंदू पाठवून बघ, शून्याची सही पाठवून बघ, तीच सही वेगळ्या मजकुराला लावून बघ. नकार आला पाहिजे. प्रत्येक वेळी.

राहिला तिसरा, क्वांटमवाला. त्याचं म्हणणं मी सगळ्यात गंभीरपणे घेते. पीटर शोर यांनी १९९४ मध्ये दिलेली रीत पुरेशा मोठ्या क्वांटम कॉम्प्युटरवर चालली तर कर्व्हचं कोडं खरोखर सुटेल. एवढंच नाही, तेवढ्याच ताकदीच्या आरएसएच्या आधी सुटेल, कारण किल्ली लहान. मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी २०१७ मध्ये हिशोब मांडला होता: २५६ बिटांच्या कर्व्हला साधारण २,३३० क्युबिट, तर ३०७२ बिटांच्या आरएसएला सहा हजारांच्या वर. हे क्युबिट चुका सुधारलेले, तार्किक. त्यातला एकेक उभा करायला कित्येक प्रत्यक्ष क्युबिट खर्ची पडतात. असं यंत्र आज नाही.

पण तुझ्याकडे आहेत रुग्णांचे रिपोर्ट. सहीचं तसं नसतं. आज तपासून झालेली सही उद्याच्या यंत्राने मागे जाऊन बिघडत नाही. पण आज कुणी तुमच्या तारेवरचा मजकूर जसाच्या तसा साठवून ठेवला, तर यंत्र आल्यावर तो उघडू शकेल. वीस वर्षांच्या मुलीची आज एचआयव्हीची चाचणी झाली असेल, तिचं मानसिक आजाराचं औषध चालू असेल, तर ते ती पन्नाशीची झाल्यावरही तिचंच गुपित राहायला हवं. क्रेडिट कार्ड बदलता येतं गं, आजाराचा इतिहास बदलून मिळत नाही.

म्हणून जोडणीच्या जागी आत्तापासूनच जोडगोळी लाव: एक्स२५५१९, म्हणजे कर्व्ह२५५१९ वरची किल्ली ठरवायची पद्धत, आणि तिच्यासोबत क्वांटमपुढं टिकावी म्हणून बनवलेली एमएल-केम, जी निस्टने ऑगस्ट २०२४ मध्ये मानक केली. दोन्ही फुटल्याशिवाय मजकूर उघडत नाही. क्रोमने २०२४ मध्येच ही जोडगोळी आणली. खर्च आहे तो आकाराचा. कर्व्हची किल्ली ३२ बाइटची, एमएल-केम-७६८ ची ११८४ बाइटची. मधली जुनी फायरवॉल एवढा मोठा पहिला संदेश बघून अडते का, ते आधी तपासून घे. आणि नुसतं नवं घेऊन जुनं टाकू नकोस. क्वांटमपुढं टिकावी म्हणून बनवलेली साइक नावाची अशीच एक नवी पद्धत निस्टच्या निवडीत बरीच पुढं गेली होती. २०२२ मध्ये बेल्जियममधल्या लुव्हेनच्या वाउटर कास्ट्रिक आणि थॉमस डेक्रू यांनी ती एका प्रोसेसरवर तासाभरात फोडली. तीही इलिप्टिक कर्व्हवरच उभी होती, म्हणून तेव्हा 'कर्व्ह फुटल्या' अशी आवई उठली. कोडं वेगळं होतं; आपली कर्व्ह जागच्या जागी आहे. पण नव्याला मार खायला वेळ द्यावा लागतो, तोवर जुनं सोबत असू दे.

एक राहिलंच. किल्ल्या ठेवायला तुम्ही जे हार्डवेअर टोकन घेताय, त्याचा विक्रेता सर्टिफिकेट दाखवतोय म्हणून तुझा बॉस निर्धास्त आहे, असं तू लिहिलंस. सप्टेंबर २०२४ मध्ये निंजालॅबच्या तोमा रोश यांनी इन्फिनिऑनच्या चिपमधला दोष जाहीर केला. सही करताना एका भागाकाराला लागणारा वेळ गुप्त आकड्यानुसार बदलायचा, आणि चिप हातात असेल, महागडी उपकरणं असतील तर त्यातून ईसीडीएसएची किल्ली काढता यायची. युबिकी ५ नावाची टोकनसुद्धा त्यात सापडली. तो दोष चौदा वर्षं आणि वरच्या दर्जाच्या जवळपास ऐंशी सर्टिफिकेशन तपासण्यांतून निसटला होता. तेव्हा विक्रेत्याला उद्याच मेल टाक: आत चिप कोणती, फर्मवेअरची आवृत्ती कोणती, या दोषाची दुरुस्ती त्यात आहे का, आणि फर्मवेअर नंतर बदलता येतं का. युबिकीत ते बदलता येत नाही, जुनी असेल तर नवीच घ्यावी लागते; म्हणून ऑर्डर जायच्या आत विचारलेलं बरं. उत्तर लेखी माग आणि आलं की मला पाठव, आपण दोघी मिळून वाचू.